गेटवरच्या अ‍ॅपमधली मावशींची हजेरी आपण बघावी का?

सायली_ठाणे

आमची सोसायटी घोडबंदर रोडला. चार विंग, तीनशेच्या आसपास फ्लॅट. दोन वर्षांपूर्वी गेटवरची जाड वही गेली आणि अ‍ॅप आलं. घरकाम करणाऱ्या प्रत्येक मावशींना सहा आकडी कोड मिळाला. पहिल्या दिवशी वॉचमनने फोन समोर धरला तेव्हा आमच्या मावशींनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "फोटो कशाला?" तो म्हणाला, "सोसायटीचा नियम आहे." तेवढ्यावर त्यांची संमती झाली.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सभासदाने स्क्रीनशॉट टाकला. दुसऱ्या एका मावशींचा महिन्याभराचा तक्ता होता. गेटमधून आत कधी आल्या, बाहेर कधी गेल्या, कोणकोणत्या फ्लॅटमध्ये काम करतात, आणि खाली पाचपैकी साडेतीन तारे. सोबत लिहिलं होतं, "बरं नाही म्हणून आमच्याकडे दांडी मारली, पण 9.50 ला गेटमधून आत आली होती. ठेवण्याआधी विचार करा." अर्ध्या तासात पंधरा अंगठे उमटले. नंतर कळलं की त्या खरंच तापाने फणफणल्या होत्या. एका घरी राहिलेला पगार घ्यायला आल्या आणि वीस मिनिटांत परत गेल्या. बाहेर पडल्याची वेळही त्याच तक्त्यात होती, ती कुणी वाचली नाही. त्यांची दोन कामं सुटली.

मीसुद्धा ऑफिसात बसून आमच्या मावशींची वेळ बघायचे. एकदा त्या लवकर निघालेल्या दिसल्या आणि संध्याकाळी मी जाब विचारला. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या फोनात मी दिसते का?" मला काही बोलता येईना. त्या दिवसापासून मी ते बघणं बंद केलं आहे.

24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आपण हा निकाल आठवतो तो सरकार किंवा फेसबुक आपल्याकडे बघतं तेव्हा. इथे बघणारे आपण आहोत. येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: मावशींच्या वेळा फक्त सिक्युरिटीला दिसाव्यात, तारे बंद व्हावेत, तीन महिन्यांनी नोंद पुसली जावी. तुमचं मत काय?

सेक्रेटरी_वाकड

सहा वर्षं सेक्रेटरी आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. असहमत.

वहीचे दिवस आठवा. येणारा प्रत्येक माणूस नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर लिहायचा आणि पुढचा माणूस मागची सगळी पानं वाचू शकायचा. आमच्याकडे एका मुलीचा नंबर वहीतून उचलून कुणीतरी तिला महिनाभर फोन करत होतं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. अ‍ॅप आल्यावर निदान ते तरी थांबलं.

दुसरं, चोरी झाली की पोलीस आधी विचारतात की त्या दिवशी कोण आलं, कोण गेलं. आमच्याकडे कॅमेऱ्याचं चित्रण तीस दिवसांत आपोआप पुसलं जातं. गावाला गेलेलं कुटुंब दोन महिन्यांनी परत येतं, कपाट फुटलेलं दिसतं. मग मी काय दाखवू? नोंद असली की निरपराध मावशीवरचा आळही टळतो. वहीच्या काळात संशय कुणावर जायचा ते मी पाहिलेलं आहे.

ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणाऱ्याचं चुकलंच. त्याला समज द्या. त्याच्यासाठी व्यवस्था मोडू नका.

अभय_क

सेक्रेटरींशी सहमत. मी आयटीत आहे. रोज कार्ड स्वाइप करून आत जातो, बाहेर पडतो, सगळं कंपनीकडे असतं. पगार घेतो त्या वेळेचा हिशोब देण्यात अपमान कसला? माझी हजेरी लागते, मग मावशींची का नको?

सायली_ठाणे

@अभय_क, तुमचं स्वाइप तुमची कंपनी बघते. शेजारच्या तीनशे कंपन्या बघत नाहीत. तुम्ही नोकरी बदललीत तर नव्या साहेबाला तुमची जुनी हजेरी आणि तारे दिसत नाहीत. तुम्हाला रजा आहेत, पीएफ आहे, तक्रार करायला एचआर आहे. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला, पण माझ्या ओळखीतल्या एकाही मावशींची तिथे नोंदणी नाही. भरपगारी रजा तर आपण कुणीच लिहून देत नाही. नोकरीचं आपण काहीच दिलेलं नाही, हजेरी मात्र कंपनीपेक्षा कडक ठेवली.

@सेक्रेटरी_वाकड, वहीबद्दल तुमचं म्हणणं मला पटलं. वही परत आणा असं मी म्हणत नाही.

नेत्रा_एम

मी या ठरावाच्या विरोधात मत देईन, आणि का ते नीट सांगते.

माझी मुलगी सव्वा वर्षाची आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, आजी-आजोबा साताऱ्याला. दिवसभर तिला सांभाळणाऱ्या ताई फार चांगल्या आहेत. पण बाळ गेटबाहेर गेलं तर मला त्या क्षणी कळायला हवं, आणि ते मला अ‍ॅपच कळवतं. पहिले दोन महिने मी त्या एका आवाजाच्या भरवशावर कामावर बसू शकले. खासगीपणाचं तत्त्व मला मान्य आहे, पण माझ्या भीतीला ठरावात जागा नसेल तर तो ठराव माझ्यासाठी नाही.

आणि पोलीस पडताळणीशिवाय माणूस ठेवू नका असं आपल्याला सगळेच सांगतात. म्हणजे माहिती तर घ्यावीच लागते.

आबा_सदाशिव

माझं वय 74. आमच्या वाड्यात कोण कधी आलं, कुणाकडे काय शिजलं, सगळ्यांना ठाऊक असायचं. कुणाचं काही बिघडलं नाही. ज्याला लपवायचं नाही त्याने घाबरायचं कारण काय?

मुक्ता_पी

आबा, वाड्यात तुम्ही शेजाऱ्याला बघायचात आणि शेजारी तुम्हाला. इथे मावशींना तुमची वेळ दिसते का? आणि वाड्यातल्या सुनांना विचारून बघा हो, त्यांचं काही बिघडलं का ते.

निखिल_डेव्ह

चर्चा गेटवर अडकली आहे, मला गेटच्या पलीकडचं लिहायचं आहे. माझं कामच अ‍ॅप बनवण्याचं आहे.

"फोन आपलं बोलणं ऐकतो, मिक्सरबद्दल बोललो की मिक्सरची जाहिरात येते" असं सगळे म्हणतात. माइक चालू झाला की नव्या अँड्रॉइडवर हिरवा ठिपका दिसतो, आयफोनवर केशरी. जाहिरातवाल्यांना एवढे कष्ट घ्यायची गरजच नसते. तुम्ही कपड्याच्या दुकानात बिलाच्या वेळी मोबाइल नंबर सांगता. दुकान गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी जाहिरात कंपनीला देतं. नंबर सांकेतिक रूपात जातात, तिथे तुमच्या खात्याच्या नंबराशी जुळवले जातात, आणि संध्याकाळी त्याच दुकानाची साडी तुमच्या फोनवर. नंबर हा आपला धागा आहे, तो पकडला की माणूस सापडतो. म्हणूनच मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं की नंबर दिल्याशिवाय बिल नाही असा आग्रह धरू नका. तरी काउंटरवर काय चालतं ते तुम्ही रोज बघता.

आता गेटवरचं अ‍ॅप बघा. तुमचा नंबर, फ्लॅट, गाडीचा नंबर, घरी कोण पाहुणा आला, जेवण कुठून मागवलं, मावशी किती, ड्रायव्हर आहे का. घर कसं चालतं आणि किती ऐपतीचं आहे, याचं यापेक्षा नेमकं चित्र मिळणार नाही. आणि बहुतेक सोसायट्या करार न वाचता सही करतात. सेक्रेटरीसाहेब, रागावू नका, पण तुमच्या करारात माहिती कुणाला देता येईल याचं कलम काय आहे?

एवढं आजच करा. अ‍ॅपची संपर्क यादीची परवानगी काढा, लोकेशन बंद करा, आणि अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक काढून टाका. गेट तरीही उघडतं, मी करून पाहिलं आहे.

सेक्रेटरी_वाकड

@निखिल_डेव्ह, रागावलो नाही. करार काढून वाचला. "सेवा सुधारण्यासाठी सहयोगी कंपन्यांना" माहिती देता येईल असं वाक्य आहे. सहयोगी कोण ते लिहिलेलं नाही. हे मी आधी विचारायला हवं होतं. कंपनीला पत्र पाठवतो.

पण मूळ मुद्द्यावर माझं मत तेच आहे. गेटवर नोंद हवी.

म्युनिकचा_मराठी

इथे जर्मनीत सगळं गुप्त असतं असा समज असेल तर तो बरोबर नाही. घर बदललं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. तेव्हा नोंद म्हणजे पाप, असं इथे कुणी मानत नाही.

फरक दुसरीकडे आहे. 1983 मध्ये जनगणनेवरून मोठा वाद झाला आणि इथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क ज्याच्या त्याच्याकडे आहे. तोच विचार कामाच्या ठिकाणीही दिसतो. ज्या कंपनीत कामगारांचं निवडून दिलेलं मंडळ आहे, तिथे कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवू शकेल अशी यंत्रणा त्या मंडळाच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. माझ्या ऑफिसात साधं नवं सॉफ्टवेअर आठ महिने अडलं होतं. तेव्हा मी चिडलो होतो. हा धागा वाचून ते का अडवतात हे आज कळतंय.

माहिती_अधिकार_नगर

कायद्याची बाजू थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात दीड वर्षाची मुदत आहे. माहिती कशासाठी घेतो हे आधी सांगायचं, संमती मोकळेपणाने दिलेली हवी, काम संपलं की माहिती पुसायची. आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत ती सूचना मागता येते. म्हणजे मराठीतसुद्धा. "सोसायटीचा नियम आहे" एवढं वॉचमनचं वाक्य त्यात बसणार नाही. दंड 250 कोटींपर्यंत आहे.

याच कायद्यावर माझा मोठा आक्षेपही आहे. त्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(j) बदललं. वैयक्तिक माहिती सार्वजनिक हितासाठी देण्याची जी सोय त्या कलमातच होती ती काढून टाकली. आता भिस्त कलम 8(2) वर, आणि तिथे निर्णय अधिकाऱ्याच्या हातात. माहिती अधिकारासाठी या राज्यात उपोषणं झाली, आपला राज्य कायदा केंद्राच्या आधीचा आहे. खासगीपणाच्या नावाखाली अधिकाऱ्यांना पांघरूण मिळणार असेल तर मी गप्प बसणार नाही. मावशींच्या वेळा तीनशे घरांना दिसणार आणि कंत्राटदाराची बिलं दिसणार नाहीत, हा उलटा न्याय आहे.

वैशाली_17

मी बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. माझी आई बावीस वर्षं घरकाम करते. सध्या पाच घरं, तीन सोसायट्या, तीन कोड. ते तिने बटव्यातल्या कागदावर लिहून ठेवलेत. कुठला कोड कुठल्या गेटचा ते लक्षात राहावं म्हणून बाजूला खुणा आहेत: झाड, मंदिर, आणि निळी टाकी.

सायलीताई, तुमचं मन दुखलं ते खरं आहे. पण नोंद पुसा म्हणताय त्याला माझा विरोध आहे.

गेल्या दिवाळीच्या महिन्यात एका घरी तिचे सहा दिवसांचे पैसे कापले. आई म्हणत होती दोनच खाडे झालेत, पण तिच्या शब्दाला कोण विचारतं. शेवटी दुसऱ्या घरच्या काकूंनी त्यांच्या फोनमध्ये बघून सांगितलं, सहा नाही, दोन. चार दिवसांचे पैसे परत मिळाले. ती नोंद तिच्या कामाचा एकमेव लेखी पुरावा आहे. पगाराची स्लिप तिला कुणी देत नाही.

मला चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. स्वतःची हजेरी बघायला तिला दुसऱ्याच्या फोनवर अवलंबून राहावं लागलं. वॉचमनकडे मागितली तर तो म्हणाला, "मेंबरलाच दाखवतो." फोटो तिचा, वेळ तिची, पाय तिचे, आणि तिलाच दाखवत नाहीत. साडेतीन तारे मिळालेल्या त्या मावशींना कुणी का कमी दिले हे त्या कुठे जाऊन विचारणार?

सायली_ठाणे

वैशाली, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी त्यांच्यासाठी म्हणून ठराव लिहिला आणि एकाही मावशींना विचारलं नाही. पुसण्याची मागणी काढते. नवा मजकूर असा: प्रत्येक मावशींना दर महिन्याची हजेरी मराठीत, कागदावर मिळावी. सभासदाला फक्त आपल्या घरापुरती नोंद दिसावी, दुसऱ्या फ्लॅटांची यादी नाही. बाळ सांभाळणाऱ्या ताईंची सूचना, त्यांना सांगून, चालू राहावी. तारे बंद.

नेत्रा_एम

याला मी मत देईन. आज ताईंना सांगितलं की तुम्ही बाळाला घेऊन गेटबाहेर गेलात की मला कळतं. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे, वॉचमनने पहिल्याच दिवशी सांगितलं." पाच महिने त्यांना माहीत होतं आणि मी मात्र त्यांना सांगितलं नव्हतं.

सेक्रेटरी_वाकड

कागदाचं मी आमच्याकडे 1 तारखेपासून सुरू करतो. त्याला सभाही लागत नाही. प्रिंटर ऑफिसात आहे. दुसऱ्या फ्लॅटांची यादी लपवता येते का ते कंपनीला विचारतो.

तारे बंद करायला मी तयार नाही. नवीन कुटुंब राहायला आलं की त्यांना कोणाला ठेवावं हे कळायला काहीतरी हवं.

वैशाली_17

काका, कागदाबद्दल आभार. ताऱ्यांबद्दल एवढंच, नवीन कुटुंबाने जुन्या घरच्या काकूंना जाऊन विचारावं. आईला आजवरची सगळी कामं तशीच मिळाली आहेत.