नाव लिहिताना माहेरचंही लिहा

घरातले जुने फोटो जपायचे तर सगळे स्कॅन केले की काम झालं, असं काही जण म्हणतात. स्कॅन हवंच, पण नावं नसतील तर नातवंडांच्या हाती नुसते अनोळखी चेहरे लागतील. आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा, एकेक फोटो दाखवा आणि ते सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करा.

‘अण्णा’, ‘मोठी काकू’ असं लिहू नका; कोणाची काकू, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? पूर्ण नाव हवं. बायकांच्या बाबतीत तर जास्तच काळजी घ्या. आपल्याकडे लग्नात आडनावच नाही, पुष्कळदा पहिलं नावही बदलायचे. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहिली नाहीत तर भावाच्या मुंजीतली परकरातली मुलगी आणि पुढच्या फोटोतली नऊवारीतली बाई एकच, हे कुणाला कळणारच नाही. वंशावळींतून बायका आधीच गायब आहेत हो, निदान फोटोंतून तरी जाऊ नयेत.

जुन्या कृष्णधवल फोटोंमागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचे वळ पुढे उमटतात. नंतरच्या रंगीत फोटोंचा कागद बहुधा प्लास्टिकचा थर दिलेला असतो, त्यावर पेन्सिल उठत नाही. ते कागदी पाकिटात ठेवा. मजकूर आधी पाकिटावर, मग फोटो आत.

स्कॅन ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) करा. फाइलच्या माहितीत नावं भरली असतील तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.