शब्दचर्चा: ‘प्रखर’ प्रकाशात जास्त काय असतं?

लातूरची शिकवणीवाली: बारावीला प्रकाशविद्युत परिणाम, म्हणजे प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात ते, शिकवतेय. प्रश्न होता, सोडियमवर जांभळा प्रकाश पडतोय, तो आणखी प्रखर केला तर काय होईल? एका मुलानं लिहिलं, ‘इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढेल.’ मी गुण कापला. तो म्हणतो, ‘मॅडम, ऊन प्रखर झालं की चटका जास्त बसतोच ना?’ मराठीत त्याचं काय चुकलं, ते मलाच सांगता येईना. पुस्तकात ‘तीव्रता’ आहे, पण तो शब्द ऐकूनही लेकरांच्या डोक्यात हाच अर्थ बसतो. दुसरा शब्द आहे का?

परभणीचे निवृत्त मास्तर: ताई, पोरापेक्षा शब्दाचाच दोष जास्त आहे. ‘खर’ म्हणजे तीक्ष्ण, टोकदार. प्रखर म्हणजे फार तीक्ष्ण. आता धार कशाला असते? एकेका कोयत्याला. टोळीत शंभर कोयते असले म्हणून ती टोळी ‘धारदार’ होत नाही. आपण मात्र नुसता भरपूर प्रकाश असला तरी त्याला प्रखर म्हणतो. म्हणजे धारेचा शब्द आपण संख्येला लावून बसलोय. प्रकाशाची धार त्याच्या वारंवारतेत असते, म्हणजे सेकंदाला किती लाटा येतात त्यात; तरंगलांबी लहान तितकी वारंवारता मोठी. कोयते बोथट असतील तर कितीही आणा, उसाचं कांडं तुटणार नाही. धारेचा एकच असला तरी एक कांडं तुटतंच.

आकड्यात बघा. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीनं भागलं की एका प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ७०० चा लाल प्रकाश घेतला तर १.७७, ४०० चा जांभळा घेतला तर ३.१. सोडियममधून इलेक्ट्रॉन सुटायला साधारण २.३ लागतात. लाल दिवा कितीही मोठा लावा, काही सुटत नाही. जांभळा मिणमिणता असला तरी सुटतात, फक्त थोडे. प्रकाश वाढवला तर सुटणाऱ्यांची संख्या वाढते, वेग वाढत नाही. हे लेनार्ड या जर्मन शास्त्रज्ञाला १९०२ मध्ये दिसलं होतं, त्याचा उलगडा आइन्स्टाइननं १९०५ मध्ये केला.

जालन्याचा फॅब्रिकेशनवाला: मास्तर, हे आम्हाला पुस्तकाबिगर ठावं आहे. भट्टीतून लालबुंद सळई निघाली की तिची धग अंग भाजून काढती. पण वेल्डिंगचा निळा लखलखाट काचेबिगर दोन-चार मिनिटं बघितला, तर तवा काहीच वाटत नाही आन् रात्री डोळ्यात वाळू टाकल्यागत होतं. नवीन पोरगं एकदा तरी रडतंच. धग येगळी, धार येगळी.

लातूरची शिकवणीवाली: दादा, हे उद्या वर्गात सांगते. वेल्डिंगमध्ये जंबुपार, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचे किरण असतात. त्यांचा एकेक कण डोळ्याच्या वरच्या थरातल्या पेशींना इजा करतो.

औंढ्याजवळचा: जंबुपारवरून आठवलं. आमच्याकडं लिगोचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं काम आहे म्हणून थोडं वाचायला लागलो. अमेरिकेतल्या लिगोत १०६४ नॅनोमीटरचा लेझर असतो आणि तो ‘अवरक्त’ म्हणे. ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘रक्त’ म्हणजे लाल ना? पण १०६४ तर लालच्या ७०० पेक्षा मोठा आकडा. मग तो लालच्या खाली कसा?

परभणीचे निवृत्त मास्तर: वा! हा प्रश्न मला चाळीस वर्षांत एकाही पोरानं विचारला नाही. तरंगलांबीनं मोजलं तर तो लालच्या वरच जातो. ‘अवरक्त’ हा शब्द वारंवारतेच्या शिडीवर उभा आहे, म्हणजेच ऊर्जेच्या. तिथं तो लालच्या एक पायरी खाली, १.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर. गंमत अशी की लिगोच्या चार किलोमीटरच्या भुजांमध्ये असा प्रकाश शेकडो किलोवॅट साठतो. टोळी अवाढव्य, कोयता मात्र लाल प्रकाशापेक्षाही बोथट.

सेलूची वाचक: तरंगलांबी आणि ऊर्जा ‘व्यस्त’ प्रमाणात, हे वाचून माझ्या भाचीनं विचारलं, ‘मावशी, तरंगलांबी कामात आहे का?’ हिंदीतला व्यस्त आता मराठीत इतका मुरलाय. आपल्याकडं माणूस कामात असतो, गुंतलेला असतो. व्यस्त म्हणजे उलटा. मजूर दुप्पट तर दिवस निम्मे, हे व्यस्त त्रैराशिक आमच्या वडलांना तोंडपाठ होतं.

नांदेडचा: माझी तक्रार ‘पुंज’वर. क्वांटमला, म्हणजे ऊर्जेच्या सगळ्यात लहान हिश्शाला, पुंज म्हणतात. पुंज म्हणजे ढीग, रास. खळ्यावर ज्वारीची रास लागते, तिला पुंज म्हणा. सगळ्यात लहान हिश्शाला ढीग कसं म्हणायचं? ‘दाणा’ म्हणा. मग मास्तरांचं सगळंच सोपं होतं: प्रकाश वाढवला की रास मोठी, वारंवारता वाढवली की दाणा टपोरा.

परभणीचे निवृत्त मास्तर: दाणा झकास आहे, वर्गात वापरावा. पण पुंज करणारा अडाणी नव्हता. लाटेत ऊर्जा पसरलेली असते, इथं ती एका जागी गोळा झालेली असते. त्या गोळा होण्याला त्यानं पुंज म्हटलं.

नांदेडचा: तरी दाणाच बरा, सर.

लातूरची शिकवणीवाली: पुस्तकातला शब्द मला बदलता येणार नाही. पण फळ्यावर ‘तीव्रता’पुढं ‘किती दाणे’ आणि ‘वारंवारता’पुढं ‘केवढा दाणा’ असं लिहीन. उन्हाच्या चटक्याचंही उत्तर सापडलं. तिथं सगळ्या दाण्यांची मिळून ऊर्जा अंगावर पडते, म्हणून दाणे वाढले की चटका वाढतो. पोरगं अगदीच चुकलं नव्हतं. अर्धा गुण परत देते. ‘सगळ्या इलेक्ट्रॉनची एकूण ऊर्जा’ असं लिहिलं असतं तर पूर्ण द्यावा लागला असता.