बेदाण्याच्या लाइनवर मेटल डिटेक्टर बसवला, पण धातू नसतानाही माल बाहेर काढतोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तासगावजवळच्या एका बेदाणा युनिटवर मी मेंटेनन्स बघतो. दोन महिन्यांपूर्वी निवडणीच्या टेबलावर एका मावशींना अर्ध्या इंचाची तार सापडली. गंजून तपकिरी झालेली, हुबेहूब देठासारखी. देठ म्हणूनच त्यांनी उचलली, बोटाला टोचली तेव्हा कळलं. द्राक्षं वाळवायच्या शेडवर जाळी बांधायला बाइंडिंग वायर वापरतात, तिचाच तुकडा. लाइनवर चुंबक होता, पण माल चिकट असतो, गोळ्यात अडकलेली तार त्याच्यापुढून निघून गेली. हा बेदाणा लहान मुलं खातात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मालकांनी लगेच डिटेक्टर घेतला. १५ किलोचा भरलेला बॉक्स तपासायचा तर डिटेक्टरचं तोंड (माल ज्यातून जातो ती चौकट) मोठं लागतं, आणि तोंड मोठं झालं की बारीक धातू पकडण्याची नजर कमी होते. म्हणून सुटा माल बॉक्समध्ये पडायच्या आधी बसवला. तोंड ४०० बाय १२० मिमी, बेल्टचा वेग मिनिटाला २० मीटर, मालाचा थर ३-४ सेंमी. खाली उघडणारा फ्लॅप, त्याखाली कुलूपबंद पेटी. टेस्ट कार्ड (आत ठरावीक मापाची धातूची गोळी असते) लोखंड १.५, पितळ २ आणि स्टेनलेस २.५ मिमी. तिन्ही तोंडाच्या मधोमध धरून चालवली, कारण तिथेच नजर सर्वांत कमी असते. सगळी पकडली.

अडचण अशी की एका शिफ्टमध्ये वीस-पंचवीस वेळा फ्लॅप उघडतो आणि पेटीतला माल पुन्हा तीनदा फिरवला तरी काही निघत नाही. आधी ओलाव्यावर संशय होता, धुतलेल्या मालाचा स्वतःचाच सिग्नल येतो म्हणून. पण रिकामा बेल्ट चालवला तरी तेच. बेल्टचा पूर्ण फेरा १५ सेकंदांचा आहे, ट्रिप (फ्लॅप उघडणं) तशा ठरावीक अंतराने येत नाहीत, म्हणजे बेल्टच्या सांध्याचा दोष नसावा. शेजारचा ग्रेडर बंद केला की ट्रिप जवळजवळ थांबतात. त्याच्या व्हीएफडीची (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हची) केबल डिटेक्टरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून आली आहे.

पुरवठादाराचा माणूस फोनवर म्हणतो, सेन्सिटिव्हिटी दोन पायऱ्या कमी करा. करून पाहिली, ट्रिप थांबल्या, पण स्टेनलेसचं कार्डही सरळ पार झालं. आमच्या चाळण्या स्टेनलेसच्याच आहेत. चाळणीची तार तुटली तर ती चुंबकालाही लागणार नाही आणि यालाही दिसणार नाही. मग हे मशीन कशासाठी बसवलं? सेटिंग परत होतं तिथे आणून ठेवलंय, पण ऑपरेटर वैतागलेत. आधी काय तपासू?

प्रतिसाद:
सेटिंग परत आणलंत ते योग्य केलंत, ते तसंच राहू द्या. तोंडापासून साइड गार्ड (बेल्टच्या कडेचा धातूचा पत्रा) किती लांब आहे? स्थिर धातू तोंडाच्या उंचीच्या निदान दीडपट लांब हवा, हलणारा दुप्पट. तुमच्याकडे १८ आणि २४ सेंमी झाले. तरी मशीनच्या पुस्तकातला आकडा अंतिम.

माझा खरा संशय फ्रेमवर आहे. ढिल्या बोल्टमुळे फ्रेममध्ये धातूची रिंग जुळते-तुटते, त्यात करंट फिरतो आणि डिटेक्टरला तो धातूसारखा दिसतो. ग्रेडरच्या थरथरीने हेच होत असेल. बेल्ट थांबवा, डिटेक्टर चालू ठेवा आणि लाकडी हातोडीने फ्रेमवर जागोजागी हलकं ठोका. जिथे सिग्नलचा बार उडेल तिथे दोष. रोलरच्या एका टोकाला नायलॉनचा बुश घाला म्हणजे रिंग तुटेल. व्हीएफडीची केबल शील्डेड घ्या, ट्रे वेगळा करा.

धागालेखक:
साहेब, तुमचे उपकार कसे मानू! बाहेरच्या बाजूच्या तिसऱ्या रोलरच्या ब्रॅकेटवर टकटक केली आणि बार टोकापर्यंत गेला. बोल्ट हाताने फिरत होता. नायलॉनचे बुश आणि वॉशर घातले. गार्ड १५ सेंमीवर होता, तो २५ वर सरकवला. काल पूर्ण शिफ्टमध्ये दोनच ट्रिप, त्यातल्या एकीत खरंच तारेचा तुकडा होता. केबल रविवारी वेगळी करतो.

आता एकच काळजी उरली. तीच बाइंडिंग वायर १२ मिमी कापून मालात ठेवली. बेल्टच्या दिशेने उभी ठेवली की दहापैकी दहा वेळा पकडते, आडवी ठेवली की सहा वेळाच. कार्डातल्या गोळीपेक्षा तार बारीक आहे, म्हणून कार्ड पास होऊनही ती निसटते. थर तर ३-४ सेंमीचाच आहे, मग तोंड ८० मिमीचं करून घेतलं तर आडवी तार पकडली जाईल का? सुट्या मालावर एवढं कमी उंचीचं तोंड कोणी वापरलंय का? आणि वापरलं असेल तर ढीग येऊन अडकू नये म्हणून पुढे थर सपाट करणारा लेव्हलर कोणत्या मटेरियलचा लावलात?