मेंढा-लेखा सगळीकडे का होत नाही म्हणे!

कांदाचाळ : परवा इथेच एकाने लिहिलं, "ग्रामसभेला एवढे अधिकार आहेत, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने करून दाखवलं, बाकीची गावं आळशी." साहेब, या एकदा आमच्याकडे. 1 मेला झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटली, सरपंचांनी माईक फुंकला तोवर निम्मं गाव रानात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढेही नाहीत, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. मग आठवड्याने सहा जण बसले आणि घरकुलाची यादी मंजूर! रजिस्टर नंतर घरोघर फिरलं. मी चाळीत कांदा भरत होतो, मातीच्या हातानेच सही केली. "हजेरीच आहे हो," म्हणाले.

बांबूवाला : तो 'एकाने' म्हणजे मी. न वाचता सही तुम्ही केलीत आणि खापर कायद्यावर? मेंढ्यात अभ्यासगट आधी बसतो, मग सभा. मतदान नाही, सर्वसहमती. एक जण अडला तरी विषय थांबतो. म्हणून 2009 ला जंगलाचा हक्क मिळाला आणि 2011 ला बांबूच्या वाहतूक परवान्याची पुस्तकं ग्रामसभेच्या हातात आली.

कांदाचाळ : जेमतेम शंभर घरं, सगळे गोंड. आमच्याकडे साडेचार हजार मतदार, त्यात तीन भावक्या. सर्वसहमती बांधावर होत नाही, सभेत काय होणार?

डोंबिवलीचा चाकरमानी : उपाय सोपा आहे. ग्रामसभा ऑनलाइन घ्या. माझं नाव गावच्या यादीत आहे, घरपट्टी भरतो, पण 26 जानेवारीला एका दिवसासाठी कोकणात कोण येणार?

सड्यावरची : आलेच हे! गणपतीत पाच दिवस येणार आणि नळयोजनेवर मत देणार. एप्रिलमध्ये टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभे राहा, मग बोला.

डोंबिवलीचा चाकरमानी : देवळाच्या जीर्णोद्धाराला, शिमग्याच्या पालखीला आमचे पैसे चालतात. तेव्हा नाही आठवत कळशी?

बांबूवाला : विषय ग्रामसभेचा आहे, पालखीचा नाही.

सड्यावरची : हाच विषय आहे. आम्ही आडव्या बाटलीसाठी, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायला, मतदान घेतलं. दोन वर्षं अर्ज, सह्यांची पडताळणी, तहसीलच्या खेपा. नियम असा की गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. आलेल्यांच्या नव्हे, एकूण! मुंबईतल्या सुना-लेकींची नावं यादीत, माणूस एकही आलं नाही. त्यांचं न येणं उभ्या बाटलीच्या खात्यात गेलं. 23 मतांनी पडलो. दुकान अजून एसटी थांब्यासमोरच आहे.

कांदाचाळ : आमच्या गणपूर्तीचं दुखणंही तेच. यादीत गाव, पारावर कोणी नाही.

बांबूवाला : ठीक आहे, 'आळशी' हा शब्द मागे घेतो. बाकीचं नाही. रजिस्टरवरची सही अजून तुमचीच आहे.

डोंबिवलीचा चाकरमानी : आई, बायको, वहिनी, तिघींची नावं गावच्याच यादीत निघाली. भरतो फॉर्म 7, नावं काढतो. खूश? आता शिमग्याच्या वर्गणीसाठी मला फोन करू नका.