मदत हवी आहे: पोलिसाला 'इंडियन' असे उत्तर दिल्याने चलानात झालेली चूक कशी दुरुस्त करावी?

नमस्कार. मी तीन वर्षांपासून अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात, विलिस्टन येथे, तेलविहिरींवरील पंपांच्या देखभालीचे काम करतो. गेल्या महिन्यात माझ्याच तोंडून गेलेल्या एका शब्दामुळे पेच निर्माण झाला आहे. या भागात राहिलेल्या किंवा तिथला कायदा जाणणाऱ्या सदस्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

बाकेन खडकातले तेल हाती लागल्यापासून हा भाग झपाट्याने फुगला. २०१० मध्ये विलिस्टनची लोकसंख्या १४,७१६ होती, ती २०२० मध्ये २९,१६० झाली. वॉटफर्ड सिटी १,७४४ वरून ६,२०७ वर गेली. जुने रहिवासी सांगतात की ऐन भरभराटीत घरभाडे परवडेना म्हणून पोलिसांतली माणसे नोकरी सोडून टँकर चालवायला जात. आता ती धामधूम ओसरली आहे, पण रस्त्यावर कोणत्या दलाचा पोलीस भेटेल याचा नेम नाही: शहराचा, काउंटीच्या शेरीफचा, राज्याच्या महामार्ग गस्तीचा, किंवा फोर्ट बर्थहोल्ड या मंडान, हिदात्सा आणि अरिकारा जमातींच्या आरक्षित भूभागात त्यांचा स्वतःचा.

याच भूभागातल्या न्यू टाऊनहून मी रात्री नऊच्या सुमारास २३ क्रमांकाच्या राज्य महामार्गाने परतत होतो. (गॅरिसन धरणात जुनी गावे बुडणार म्हणून वसवलेले हे गाव, पाटण-जावळीकडच्या वाचकांना त्याची कथा वेगळी सांगायला नको.) दिवसभर विहिरींकडच्या लाल खडीच्या रस्त्यांवर फिरल्यामुळे मागचे दिवे आणि नंबरप्लेट चिखलाने पूर्ण झाकले गेले होते, त्यामुळे मला थांबवले यात गैर काहीच नव्हते. मी काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. अधिकाऱ्याने परवाना पाहिला, टॉर्च माझ्या चेहऱ्यावर धरला आणि विचारले, "आर यू इंडियन?" मी म्हणालो, "येस, सर." त्यावर त्याने "कोणत्या ट्राइबचे?" असे विचारले आणि मी, तो प्रांत विचारत असावा अशा समजुतीने, "महाराष्ट्र" असे उत्तर दिले. त्याने स्पेलिंग विचारून ते लिहूनही घेतले.

घरी आल्यावर पाहिले, तर चलानावर 'जमातीचा सदस्य' या चौकटीत खूण होती. दल कोणते ते मुद्दाम लिहीत नाही, कारण निम्मी चूक माझीच आहे.

इथे 'इंडियन' म्हणजे अमेरिकेतला मूलनिवासी असाही अर्थ होतो, आणि हा शब्द केवळ ओळखीपुरता नाही, हे नंतर वाचताना समजले. १९७८ मध्ये ओलिफंट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूलनिवासी नसलेल्या व्यक्तीवर जमातीचे न्यायालय फौजदारी खटला चालवू शकत नाही. १९९७ चा स्ट्रेट खटला तर फोर्ट बर्थहोल्डमधून जाणाऱ्या राज्य महामार्गावरील अपघाताचाच होता, आणि जमातीबाहेरच्या दोन पक्षांमधला तो दिवाणी दावा जमातीच्या न्यायालयात चालणार नाही असा निकाल लागला. मात्र २०२१ च्या कूली खटल्यात, अशा रस्त्यावर जमातीचा पोलीस संशयावरून बाहेरच्या माणसालाही तात्पुरते अडवू शकतो आणि त्याची झडती घेऊ शकतो, हे मान्य झाले. म्हणजे रस्ता कोणाचा यासोबतच माणूस कोण यावरही प्रकरण कोणत्या न्यायालयात जाणार हे अवलंबून राहते, आणि माझ्या कागदावर नेमके तेच चुकले आहे.

दंड भरण्यास माझी हरकत नाही. पण तो मुकाट्याने भरला तर ती खूण मी मान्य केली असा अर्थ होईल का? की आधी पासपोर्टची प्रत जोडून दुरुस्तीचे पत्र द्यावे, आणि द्यायचे तर चलान देणाऱ्या दलाला की न्यायालयाच्या कारकुनाला? वकील करावा लागला तर राज्याच्या न्यायालयातला चालतो, की जमातीच्या न्यायालयात काम करण्याची वेगळी परवानगी असलेला शोधावा लागतो? डिसेंबरमध्ये व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुंबईला जायचे आहे. असा चुकीचा उल्लेख असलेला कागद तिथे दाखवण्याची वेळ कोणावर आली असेल, तर तो अनुभवही लिहावा.

पत्नीही याच रस्त्याने एकटी गाडी चालवते. तिला मी सध्या "सिटिझन ऑफ इंडिया" एवढेच म्हणायला सांगितले आहे. याहून नेमके उत्तर असेल तर कळवावे. चलानावरची मुदत येत्या २४ तारखेला संपते.