टॉवेल फेकणे आणि रुमाल टाकणे

वेंगुर्ल्याहून:
नववीच्या मुलांना इंग्रजीचा उतारा दिला होता. त्यात एका खेळाडूबद्दल 'थ्रो इन द टॉवेल' हा वाक्प्रयोग होता, की त्याने शेवटपर्यंत टॉवेल टाकला नाही. अर्ध्या वर्गाने अर्थ लिहिला, 'त्याला जागा मिळाली नाही'. विचारलं तर एकजण म्हणाला, "बाई, रुमाल टाकलो नाय तर जागा खंयसून गावतली?" मला ते चूक म्हणवेना. याला नेमका मराठी शब्दप्रयोग कोणता? नॅपकिन, टिश्यू यांच्याबद्दलही कुणी सांगाल का?

मालवणहून:
बाई, मुलं आपल्या भाषेत अगदी बरोबर आहेत. चतुर्थीच्या गर्दीत गाडी स्टँडात लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत पडतो आणि ती सीट आपली होते. आपला रुमाल हक्क सांगतो, त्यांचा टॉवेल हक्क सोडतो.

त्यांचा वाक्प्रयोग मुष्टियुद्धातला. गड्याला आता मार सोसवत नाही असं दिसलं की कोपऱ्यात उभा असलेला त्याचा माणूस टॉवेल रिंगणात फेकतो, म्हणजे हार कबूल करतो, आणि लढत थांबते. 1860 च्या आसपास 'थ्रो अप द स्पंज' म्हणत, म्हणजे गड्याचं तोंड पुसायचा स्पंज वर उडवायचा. टॉवेल त्याच्या जागी पुढे आला. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: टॉवेल लढणारा फेकत नाही, त्याची काळजी घेणारा फेकतो. म्हणून 'नांगी टाकली' हे भाषांतर मला पटत नाही, त्यात भेकडपणाचा वास येतो. 'हात टेकले' जवळचं आहे. सगळं करून पाहिलं, आता इलाज नाही, हा भाव त्यात आहे.

आता टॉवेल या शब्दाकडे. माझी आजी 'तुवालो' म्हणायची. शहरातून आलेले पाहुणे हसायचे, त्यांना वाटायचं म्हातारीला टॉवेल म्हणता येत नाही. पण तुवालो हा टॉवेलचा बिघडलेला उच्चार नव्हेच. तो पोर्तुगीज 'तोआल्या'वरून आपल्या किनाऱ्यावर उतरला, आणि हिंदीतला 'तौलिया'ही तिथलाच. इंग्रजी टॉवेल जुन्या फ्रेंचमधून आला. म्हणजे तुवालो आणि टॉवेल ही चुलत भावंडं. आजीचा शब्द चुकीचा होता असं कुणी म्हटलं की मला आजही राग येतो.

नॅपकिनमधला 'नाप' म्हणजे फ्रेंचमध्ये टेबलावर अंथरायचं कापड, 'किन' म्हणजे लहानसं. तो नाप लॅटिन 'माप्पा'वरून आला, आणि नकाशाचा 'मॅप'ही त्याच कापडातून निघाला. एप्रनसुद्धा याच घरचा. मूळ शब्द 'नेप्रन'. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता 'न' अलीकडच्या 'अ'ला चिकटला आणि 'अन एप्रन' झालं. इंग्लंडात बाळाच्या लंगोटाला 'नॅपी' म्हणतात, तेही नॅपकिनचंच लाडकं रूप. आपल्याकडे मात्र नॅपकिन म्हणजे हात पुसायचा छोटा टॉवेल, खांद्यावर टाकायचा.

टिश्यूचं सर्वांत सुंदर आहे. मूळ अर्थ 'विणलेलं'. त्या अर्थाला जरीची टिश्यू साडी अजून धरून आहे. नाक पुसायचा कागद फार नंतरचा. क्लीनेक्स नावाचा तसला कागद 1924 साली आला तो चेहऱ्यावरचं कोल्ड क्रीम पुसायला, नाकासाठी लोकांनीच वापरायला घेतला. आणि बाई, तुमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात टिश्यूला 'ऊती' म्हटलंय ना? संस्कृतात ऊती म्हणजे विणणं. ज्याने हा प्रतिशब्द निवडला त्याला माझा नमस्कार. 'अ टिश्यू ऑफ लाइज' आला तर सरळ 'खोट्याचं जाळं' लिहावं. आमच्या वाड्यावर जाळी विणतात, त्यामुळे ते मुलांना सांगावं लागणार नाही.

रत्नागिरीहून:
थोडी भर. जुन्या इंग्रजी बोलीत 'टॉवेल करणे' म्हणजे चोप देणे, आणि 'ओकचा टॉवेल' म्हणजे ओक झाडाच्या लाकडाचा सोटा. आपण 'धुऊन काढला' म्हणतो तेच. शिवाय इंग्रजांकडेही जागा धरायला टॉवेल आहे: समुद्रकाठच्या हॉटेलात सकाळीच आरामखुर्चीवर टॉवेल टाकून जर्मन पाहुणे ती अडवतात अशी त्यांची तक्रार असते. तेव्हा मुलांचा अर्थ अगदीच परका नाही.

रुमाल फारसी, 'रू' म्हणजे चेहरा, तो पुसणारा. पण आपल्याकडे तो डोक्याला गुंडाळला गेला, कोळ्यांच्या कमरेला तिकोनी बसला, आणि पेशवे दफ्तरातले कागदही रुमालातच बांधले गेले. चेहरा पुसणं हे त्याचं सर्वांत छोटं काम.

वेंगुर्ल्याहून:
दोघांचे मनापासून आभार. फळ्यावर 'हात टेकले नाहीत' असं लिहून दिलं. बाजूला 'तुवालो'ही लिहिला. तेव्हा चार मुलं म्हणाली, आमच्या घरी अजून असंच म्हणतात.