मदत हवी आहे : घरी आंबवलेल्या पेयांच्या स्पर्धेत गुण कसे द्यावेत?

सप्रेम नमस्कार. इंदूरच्या राजेंद्रनगरातील आम्ही काही मराठी कुटुंबे रंगपंचमीच्या सुमारास काळ्या गाजराची कांजी, कोम्बुचा (आंबवलेला गोड चहा) आणि आल्याचा सोडा यांची घरगुती स्पर्धा घेण्याच्या विचारात आहोत. परदेशातील घरगुती बिअरच्या स्पर्धांत परीक्षक बाटली कोणाची हे न कळता ५० पैकी गुण देतात (चवीला २०, गंधाला १२, एकूण परिणामाला १०, तोंडातील जाणिवेला ५ आणि रूपाला अवघे ३), आणि शेवटच्या क्रमांकाच्या स्पर्धकालाही लेखी अभिप्राय मिळतो. हा अभिप्राय मला बक्षिसापेक्षा मोलाचा वाटतो. आपली ज्येष्ठ मंडळी ‘छान झालंय हो’ याच्या पुढे सहसा जात नाहीत!

प्रश्न असा की, मोहरीचा झणका आणि आंबटपणा हेच जिचे मर्म, त्या कांजीला हीच विभागणी लावावी, की गंधाचे काही गुण चवीकडे वळवावेत? परीक्षक कमी असल्याने स्पर्धकांनीच आपला प्रकार सोडून इतर प्रकार तपासावेत असे सुचले आहे. त्यात रुसवेफुगवे कसे टाळता येतील?

शिवाय बंद बाटलीत यीस्ट वायू तयार करत राहते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काच फुटण्याची भीती असते, म्हणून दाबून ताण कळणाऱ्या प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटल्याच सक्तीच्या कराव्यात का? कोम्बुचात किंचित अल्कोहोल उतरते, तेव्हा मुलांसाठी कोणता नियम ठेवावा, हेही अनुभवी सभासदांनी कृपया कळवावे.